धनुष्य जुळवताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी धनुष्य आणि बाण यांच्या जुळणीबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरांतलं डावं-उजवं हे उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी ते उलटं वाचावं. वर-खालीचे नियम दोघांनाही सारखेच.

प्रश्न : मुलगा शाळेत इंडियन राउंडच्या बांबूच्या धनुष्यावर शिकला. आता रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेतलं आहे. २५ इंची रायझर (मधला मुठीचा भाग), ६६ इंची धनुष्य, ३२ पाउंडाचे लिंब (वर-खालचे लवचीक हात). बाण ओळखीतल्या एका खेळाडूचे, ५०० स्पाइनचे, २८ इंच लांब. पिसांचे बाण कसेबसे एकत्र लागतात, पण बिनपिसांचा बाण २० मीटरवर हातभर डावीकडे जातो. बाण बदलावेत, की धनुष्य जुळवून भागेल?
— एक पालक, सातारा

उत्तर : बाण बदलावे लागतील. ३२ पाउंडाच्या धनुष्यावर २८ इंची ५००चा बाण जुळणार नाही, मग प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारं स्प्रिंगचं बटण) कितीही फिरवा. मात्र नवे बाण आणण्याआधी धनुष्य नीट मांडून घ्या. ते राहिलं तर नव्या बाणांवरही हेच रडगाणं सुरू राहील.

स्पाइनचा आकडा म्हणजे शाफ्ट (बाणाची दांडी) किती वाकतो त्याचं माप. २८ इंच अंतरावर दोन टेकू देऊन शाफ्ट आडवा ठेवतात आणि मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगतात. तो ०.५०० इंच वाकला तर ५०० स्पाइन. म्हणजे आकडा मोठा तितका बाण नरम. आता पाउंडाकडे पाहू. लिंबांवर लिहिलेले ३२ पाउंड हे २८ इंचांच्या ओढीवरचे असतात, आणि एका इंचामागे साधारण २ पाउंड कमी-जास्त होतात. मुलाची ओढ २६ इंच असेल तर त्याच्या बोटांवर २८ पाउंडच येतात. म्हणून बो-स्केल (ओढीचं वजन मोजणारा काटा) लावून, क्लिकर (ओढ पूर्ण झाली की टिक वाजणारी पट्टी) जिथे पडतो तिथलं वजन मोजा. ते २८ ते ३२ पाउंडांच्या दरम्यान भरलं तर २८ इंची बाणाला ७०० ते ८०० मधला शाफ्ट लागेल. मोजलेलं वजन आणि बाणाची लांबी घेऊन शाफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात पाहा. लिंबावर छापलेला आकडा घेऊन तक्ता पाहिला की हमखास एक घर कडक बाण घरी येतो.

बोटांनी दोरी सोडताना ती सरळ पुढे जात नाही. बोटांवरून घरंगळताना थोडी डावीकडे सरकते आणि मग मध्यावर परतते. बाण त्या धक्क्याने वाकतो, प्लंजरला टेकून उलट बाजूला वाकतो आणि असा लहरत रायझरच्या बाजूने निघतो. प्रमाणापेक्षा कडक बाण पुरेसा वाकत नाही आणि डावीकडे ढकलला जातो. तुमचं हातभर अंतर हेच सांगतं. पिसांचा बाण पिसांच्या जोरावर सावरतो, त्यामुळे दोष झाकला जातो.

मांडणीचा क्रम पाळा, कारण पुढच्या पायरीचं माप मागच्यावर अवलंबून असतं. आधी लिंब सरळ करा. धनुष्य खुर्चीच्या पाठींवर आडवं ठेवून मागून पाहा. दोरी दोन्ही लिंबांच्या मधोमध आणि रायझरवरच्या स्टॅबिलायझरच्या (तोल सांभाळणाऱ्या दांडीच्या) छिद्रावरून गेली पाहिजे. लिंबांवर मास्किंग टेप लावून मध्यरेषा आखली की नजरेचा घोटाळा होत नाही. दोरी एका बाजूला असेल तर लिंबाच्या खाचेतली आडवी जुळणी बदलून ती मध्यावर आणा.

मग ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिपच्या सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर. ६६ इंची धनुष्याला २१.३ ते २१.९ सें.मी.पासून सुरुवात करा. दोरीला पीळ दिला की अंतर वाढतं, पीळ काढला की कमी होतं. एका वेळी तीन-चार पीळच बदला आणि प्रत्येक बदलानंतर काही बाण सोडून आवाज ऐका. जिथे धनुष्य सर्वांत शांत वाजतं आणि हाताला थरथर कमी लागते तो आकडा ठेवा. दोरी नवी असेल तर पहिल्या काही सरावांत ती ताणते, तोवर रोज मोजावं लागतं.

त्यानंतर टिलर. लिंब रायझरला जिथे मिळतो तिथपासून दोरीपर्यंत काटकोनात मोजा, वर आणि खाली. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली अशी पकड असेल तर वरचं माप खालच्यापेक्षा सुमारे ३ मि.मी. जास्त ठेवून सुरुवात करतात. पाउंड वाढवायचे-घटवायचे असतील तर दोन्ही लिंब-बोल्ट सारखेच, पाव-पाव फेरा फिरवा. बोल्ट हलला की ब्रेस हाइट पुन्हा मोजायची.

आता नॉकिंग पॉइंट, म्हणजे बाणाची मागची खाच (नॉक) दोरीवर बसते ती जागा. बो-स्क्वेअर (दोरीला लावायचा गुण्या) रेस्टवर (बाणाच्या टेकूवर) ठेवून काटकोनाच्या रेषेपासून साधारण १२ मि.मी. वर पहिली गाठ बांधा. पितळी कडीपेक्षा सर्व्हिंगच्या (दोरीवर गुंडाळायच्या) दोऱ्याची गाठ बरी. ती फिरवून मिलिमीटरच्या अंशाने वर-खाली नेता येते आणि टॅब (बोटांवरचं चामडं) फाटत नाही. शेवटी सेंटर शॉट, म्हणजे बाणाची डावी-उजवी जागा. मागून पाहताना दोरी लिंबांच्या मध्यावर आली की बाणाचं टोक दोरीच्या डाव्या कडेबाहेर अर्ध्या जाडीइतकं दिसावं. प्लंजरची स्प्रिंग मध्यम ठेवा आणि त्याचं बटण शाफ्टच्या बरोबर मध्यावर टेकतंय का, ते पाहा. वर किंवा खाली टेकलं तर बाण दाबला जातो किंवा उचलला जातो, आणि मग ती चूक नॉकिंग पॉइंटमध्ये शोधण्यात आठवडे जातात.

एवढं झालं की बेअर शाफ्टची, म्हणजे बिनपिसांच्या बाणाची, परीक्षा. तीन पिसांचे, दोन बिनपिसांचे बाण. बिनपिसांच्या बाणावर पिसांच्या जागी तेवढ्याच वजनाची टेप गुंडाळा, नाहीतर मागचं वजन कमी होऊन बाण आहे त्यापेक्षा नरम वागतो. सुरुवात ८-१० मीटरवर करा. फार बिघडलेली जुळणी असेल तर बाण बटमध्ये (लक्ष्यामागच्या गादीत) तिरका शिरून मोडतो. मग १८-२० मीटरवर या.

आधी उंची जुळवा. बिनपिसांचे वर लागले तर नॉकिंग पॉइंट वर न्या, खाली लागले तर खाली, एका वेळी १ मि.मी. उंची जुळल्यावरच डावं-उजवं. बिनपिसांचे डावीकडे म्हणजे बाण कडक. उपाय: प्लंजर नरम करा, पाउंड थोडे वाढवा, टोकाचं वजन वाढवा, किंवा पुढचा बाण लांब ठेवा. उजवीकडे म्हणजे बाण नरम. उपाय याच्या उलट. प्लंजरने तळहाताएवढा फरक मिटतो, हातभर नाही.

एक धोका ध्यानात ठेवा. फारच नरम बाण निघताना रायझरला किंवा रेस्टला घासतो आणि त्या टकरीने डावीकडे फेकला जातो. लक्षण कडक बाणाचं, दोष मात्र नरमपणाचा. शंका असेल तर शाफ्टचा मागचा भाग, पिसं, रेस्ट आणि रायझरची खिडकी यांवर टाल्कम पावडर हलकेच मारून एक बाण सोडा. घासल्याच्या रेघा लगेच दिसतात. तुमच्या आकड्यांत मात्र बाण खरोखरच कडक आहे. आणि पाउंड वाढवून ५००चा बाण वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. वाढत्या वयाच्या मुलाच्या खांद्यावर ४० पाउंड घालण्यापेक्षा बाण बदलणं स्वस्त आहे.

प्रश्न : माझं रिकर्व्ह क्लिकरवर ४२ पाउंड येतं. बाहेर ७० मीटरसाठी ५.५ मि.मी. जाडीचे कार्बन बाण वापरतो. इनडोअर १८ मीटरसाठी २३१५चे जाड ॲल्युमिनियम बाण घ्यायचा विचार आहे, कारण जाड बाण वरच्या गुणाच्या रेषेला लवकर टेकतो. एकाच धनुष्यावर दोन्ही कसे वापरायचे? दर वेळी सगळं नव्याने जुळवावं लागतं का?
— रिकर्व्ह खेळाडू, पुणे

उत्तर : रेषेचा फायदा खरा आहे, पण २३१५ तुमच्यासाठी नाही. ॲल्युमिनियमच्या नावातले पहिले दोन आकडे जाडी सांगतात, इंचाच्या चौसष्टाव्या भागात. पुढचे दोन भिंतीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. २३१५ म्हणजे २३/६४ इंच, साधारण ९.१ मि.मी. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेची मर्यादा ९.३ मि.मी. आहे, म्हणून तो नियमात बसतो. पण त्याची स्पाइन ३४०च्या आसपास, म्हणजे ४२ पाउंडांना फारच कडक. २२१२ घ्या. जाडी ८.७ मि.मी., स्पाइन सुमारे ५००. शाफ्ट न कापता पूर्ण लांब ठेवा, आणि बेअर शाफ्टने डावीकडचा कल दाखवला तर टोक जड करा. जाडीत ०.४ मि.मी. गेले तरी जुळलेला बाण जास्त गुण देतो.

आता धनुष्यावर काय बदलतं? फक्त बाणाचा मध्य, आणि तो किती सरकतो ते कागदावर काढता येतं. दोन जाडींतला फरक ३.२ मि.मी., त्याचा अर्धा १.६ मि.मी. जाड बाणाची कड प्लंजरला टेकते, त्यामुळे त्याचा मध्य १.६ मि.मी. बाहेर, डावीकडे जातो. म्हणून प्लंजर १.६ मि.मी. आत घ्यायचा. उभ्या दिशेतही तेच. रेस्टच्या तारेवर बसल्यावर जाड बाणाचा मध्य १.६ मि.मी. वर येतो. इथे बरेच जण नॉकिंग पॉइंट वर नेतात. तसं करू नका. रेस्ट १.६ मि.मी. खाली आणा. मग शाफ्टचा मध्य प्लंजरच्या मध्यावर राहतो आणि नॉकिंग पॉइंट जागेवरच चालतो.

यासाठी दोन प्लंजर ठेवणं सर्वांत सोयीचं. प्रत्येकाची कॉलर आणि स्प्रिंग आपापल्या बाणासाठी पक्की करून ठेवायची आणि बाणांबरोबर प्लंजर बदलायचा. रेस्ट चिकटवायची असेल तर तारेची उंची बदलता येणारी घ्या आणि दोन्ही जागांच्या खुणा रायझरवर बारीक पेनाने करा.

हा हिशेब तुम्हाला सुरुवातीच्या जागेवर आणून सोडतो. पुढची बेअर शाफ्टची परीक्षा जाड बाणांनी वेगळी घ्यायचीच, कारण त्यांचं वजन आणि वाकणं दोन्ही वेगळं. नॉकची खाचही तपासा. बाण दोरीला अडकवून दोरी खाली पाहील असं धनुष्य धरा. बाण लटकून राहिला पाहिजे आणि दोरीवर बोटाने टिचकी मारल्यावर सुटला पाहिजे. दोन्ही संचांच्या नॉकची खाच एकाच मापाची घ्या, नाहीतर एकासाठी घट्ट सर्व्हिंग दुसऱ्यासाठी सैल होईल. क्लिकरची जागाही पुन्हा पाहावी लागेल. बाण लांब असेल तर तो पुढे सरकवावा लागतो, आणि काही रायझरांवर त्यासाठी जोडपट्टी लागते.

प्रश्न : कंपाउंड (चाकांचं धनुष्य), ५० पाउंड, ब्लेड रेस्ट (पातळ पट्टीचा टेकू), रिलीजने (हातातल्या सोडयंत्राने) सोडतो. दोन मीटरवरून कागदातून बाण सोडला की बाणाचं शेपूट वर जाऊन कागद दोन-अडीच सें.मी. फाटतो. नॉकिंग पॉइंट तीनदा खाली आणला, फरक नाही. शिवाय, २०२३मध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे जागतिक विजेते झाले, त्यांच्यासारखी मांडणी केली तर चालेल का?
— महाविद्यालयीन खेळाडू, नागपूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. ओढीची लांबी, हाताची पकड, पाउंड आणि शाफ्ट यांतलं एक जरी वेगळं असलं तरी त्यांचे आकडे तुमच्या धनुष्यावर अर्थहीन ठरतात. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे दर बाणाला तीच पकड आणि तोच दाब.

आता कागद. शेपूट वर फाटत असेल तर नॉकिंग पॉइंट खाली किंवा रेस्ट वर, हा नियम बरोबर आहे. पण तीनदा खाली आणूनही फाटणं तसंच राहिलं, म्हणजे कारण तिथे नाही. आणखी खाली नेऊ नका. बाण दोरीला काटकोनात किंवा नॉक १-३ मि.मी. वर, इथे परत या आणि बाकीच्या जागा तपासा.

पहिली शंका बाण रेस्टला लागण्याची. कंपाउंडमध्ये रिलीजमुळे दोरी जवळजवळ सरळ जाते. बाण बाजूला कमी आणि वर-खाली जास्त वाकतो, त्यामुळे पीस ब्लेडच्या फटीतून न जाता त्यावर आपटलं की शेपूट उडतं. पावडर मारा. रेघ दिसली तर नॉक थोडा-थोडा फिरवून पिसाला मोकळी वाट द्या.

दुसरी, ब्लेडची जाडी. बाजारात ०.००८, ०.०१० आणि ०.०१२ इंचांची ब्लेड मिळतात. हलक्या, बारीक बाणाखाली ०.०१२चं ब्लेड असेल तर ते वाकतच नाही आणि बाणाला उसळी देतं. पातळ ब्लेड लावून पाहा. उलट इनडोअरच्या जड बाणाखाली ०.००८चं ब्लेड असलं तर ते ओढतानाच लचकतं. ब्लेडचा उतार ३०-३५ अंशांच्या आसपास ठेवा. ब्लेड बदललं की रेस्टची उंची नव्याने मोजायची, कारण बाणाच्या वजनाने ते किती दबतं हेही बदलतं.

तिसरी, डी-लूप, म्हणजे रिलीज अडकवायचा दोरीवरचा फास. पूर्ण ओढीवर लूपच्या दोन गाठी नॉकला चिमटीत धरत असतील तर बाण सुटताना झटका बसतो. गाठींच्या आत, नॉकच्या वर-खाली, दोऱ्याचे छोटे वेढे बांधले की चिमटा सुटतो.

चौथी, कॅमची (लिंबांच्या टोकांवरच्या चाकांची) वेळ. धनुष्य ड्रॉ-बोर्डवर (ते ओढून धरणाऱ्या फळीवर) लावा, किंवा तुम्ही ओढत असताना कोणाला तरी बाजूने पाहायला सांगा. वरचा आणि खालचा ड्रॉ-स्टॉप (ओढ थांबवणारे खुंट) एकाच क्षणी टेकले पाहिजेत. एक आधी टेकला तर दोरी पुढे जाताना नॉक वर किंवा खाली झुलतो, आणि रेस्ट कितीही हलवली तरी ते थांबत नाही. हा दोष केबलला अर्ध्या-अर्ध्या पिळाने सुधारतात, पण त्यासाठी बो-प्रेस (लिंब दाबून धरणारं यंत्र) हवा. प्रेस नसताना केबल काढायचा प्रयत्न कधीही करू नका. लिंब सुटला तर डोळा जातो. लिंब-बोल्टही कंपनीने दिलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त सैल करायचे नाहीत.

या चारही ठीक असतील तर हात पाहा. तळहाताची टाच ग्रिपवर दाबली जात असेल तरी शेपूट वर फाटतं. अंगठ्याच्या बुंध्यावर दाब ठेवून, मुठीची बोटं सैल सोडून पाच-सहा बाण मारा.

कागदात गोल छिद्र पडलं म्हणजे काम झालं असं मानणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते पटत नाही. दोन मीटरवरचं छिद्र इतकंच सांगतं की मोठा दोष उरला नाही. खरी परीक्षा ५० मीटरवर. तिथे ड्रॉ-स्टॉपवर घट्ट दाबून सहा बाण मारा, मग दाब किंचित सैल ठेवून सहा. सैल बाण वर किंवा खाली जात असतील तर प्रेसवर केबलला अर्धा पीळ देऊन पुन्हा पाहा. दोन्ही गट एकाच उंचीवर येईपर्यंत हे करायचं. दमलेल्या शेवटच्या फेरीत दाब सैल होतोच. असं जुळलेलं धनुष्य तेव्हा तुम्हाला सांभाळून घेतं.

प्रश्न : ताई-दादा, मी ७० मीटर खेळायला लागले आहे. २० मीटरवर माझे बिनपिसांचे आणि पिसांचे बाण एकत्र येतात, पण ७० मीटरवर गट आडवा पसरतो. त्यात एक बाण नेहमी बाहेर जातो. आणखी काय जुळवू?
— इयत्ता ११वीची विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : तो बाहेर जाणारा बाण आधी पकडू. सगळ्या बाणांवर क्रमांक लिही आणि प्रत्येक फेरीनंतर वहीत लक्ष्याचा छोटा गोल काढून कुठला क्रमांक कुठे लागला ते टिपून ठेव. दोन-तीन सरावांत कळेल की बाहेर जाणारा क्रमांक एकच आहे की दर वेळी वेगळा. एकच असेल तर त्याचा नॉक बदल, टोक सैल झालंय का पाहा, पिसं तपास. मग शाफ्ट दोन्ही हातांत धरून कानाजवळ हलकेच वाकव, फिरव, पुन्हा वाकव. करकर ऐकू आली किंवा तडा दिसला तर तो बाण तिथेच बाद. चिरलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याचे तुकडे हातात घुसतात. दर वेळी वेगळा क्रमांक बाहेर जात असेल तर दोष बाणाचा नाही. तिथे प्रशिक्षकांना तुझी सोड पाहायला सांग.

आडव्या पसरलेल्या गटासाठी दोन गोष्टी. पहिली, सेंटर शॉटची परीक्षा. साइट (धनुष्यावरची नेमाची खूण) १० मीटरवर जुळव आणि ती खूण तशीच ठेवून १०, २०, ३० आणि जमल्यास ४० मीटरवरून एकाच बिंदूवर नेम धर. लक्ष्य उंच बांध, कारण बाण दर वेळी खाली उतरत जातील. बाणांची ओळ सरळ उभी आली तर उत्तम. सरळ पण डावीकडे तिरकी गेली तर प्लंजर किंचित आत, उजवीकडे गेली तर किंचित बाहेर. ओळ मधेच कमानीसारखी वळली तर प्लंजरची स्प्रिंग चुकते आहे.

दुसरी, ७० मीटरवरच प्लंजर बारीक जुळव. स्प्रिंगला अर्धा फेरा, मग सहा बाणांच्या तीन फेऱ्या, मग नोंद. गट अरुंद झाला तर त्याच दिशेने आणखी अर्धा फेरा, रुंद झाला तर परत. अशा वेळी साइट हलवायची नाही आणि गट कुठे आहे याकडे लक्ष द्यायचं नाही, फक्त त्याची रुंदी पाहायची. गट आडवा असेल तर प्लंजर, उभा असेल तर नॉकिंग पॉइंट, टिलर, ब्रेस हाइट. पण एका वेळी एकच गोष्ट बदल.

आणि किती बारीक जुळवायचं, याला तुझा गटच मर्यादा घालतो. २० मीटरवर तुझा गट १५ सें.मी.चा असेल तर बिनपिसांचा बाण ४ सें.मी. बाजूला लागण्याला काही अर्थ नाही. ती धनुष्याची नव्हे, हाताची पसरण असू शकते. तोवर जुळणी आहे तशी ठेव आणि बाण मोजून सराव कर. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात तर कुठलीच चावी हातात घ्यायची नाही.

प्रश्न : साइट सोडून बेअरबोकडे वळलो आहे. तीन बोटं बाणाखाली, अंतराप्रमाणे दोरीवर बोटं खाली सरकवतो. ५० मीटरला जुळवलं की १८ मीटरला बाण शेपूट हलवत जातो. दोन्हीला चालेल अशी जुळणी आहे का?
— बेअरबो खेळाडू, ठाणे

उत्तर : दोन्हीला परिपूर्ण अशी जुळणी नसते. बोटं जितकी खाली, तितका खालच्या लिंबावर जास्त भार. दोन्ही लिंब एकत्र परतत नाहीत, त्यामुळे धनुष्य जास्त वाजतं आणि बाण वर-खाली डुलत निघतो. ५० मीटरवर बोटं बाणाला जवळजवळ चिकटलेली असतात, १८ मीटरवर काही सेंटिमीटर खाली. ही धनुष्याच्या दृष्टीने दोन वेगळी धनुष्यं आहेत.

म्हणून स्पर्धा कुठली ते ठरवा. फक्त इनडोअर असेल तर १८ मीटरच्या बोटांच्या जागेवरच सगळी जुळणी करा, बेअर शाफ्टसकट. बाहेर आणि आत दोन्ही खेळायचं असेल तर दोन नोंदी ठेवा आणि हंगाम बदलला की मांडणी बदला. फील्ड खेळत असाल, जिथे दर लक्ष्याचं अंतर वेगळं, तर मधल्या अंतरावर जुळवा आणि टोकाच्या अंतरांवर थोडं डुलणं मान्य करा.

टिलर शून्यावरून, म्हणजे वर-खाली सारखं ठेवून सुरू करा. मग १-२ मि.मी. इकडे-तिकडे करून पूर्ण ओढीवर धनुष्य कुठे स्थिर राहतं आणि कुठे शांत वाजतं ते पाहा. नॉकिंग पॉइंट साइटवाल्या रिकर्व्हपेक्षा वर लागतो. १५ मि.मी.पासून सुरुवात करा, २० पर्यंत जाऊ शकेल. नॉकच्या खालीही दुसरी गाठ हवीच. खालून ओढताना बाण दोरीवरून खाली सरकतो, आणि ही गाठ नसेल तर तुम्ही दर बाणाला वेगळा नॉकिंग पॉइंट वापरत असता. बोटांची जागा टॅबवरच्या टाक्यांवर अंगठ्याचं नख ठेवून मोजा, अंदाजाने नको.

आणखी एक. वजनं लावली असतील तर दोरी उतरवलेलं धनुष्य १२.२ सें.मी.च्या कड्यातून जातं का, ते घरी तपासून जा. साइट, क्लिकर आणि स्टॅबिलायझर या प्रकारात चालत नाहीत.

प्रश्न : अंगठीने दोरी ओढायचं, रेस्ट नसलेलं तुर्की पद्धतीचं धनुष्य घेतलं आहे. बाण बाजूला जातात. इथे प्लंजर नाही, मग जुळवायचं काय?
— हौशी धनुर्धर, कोल्हापूर

उत्तर : बाणच जुळवायचा. अंगठ्याच्या पद्धतीत बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला बसतो आणि दोरीही उलट बाजूला घरंगळते. त्यामुळे वरचे डावे-उजवे नियम इथे उलटतात. बिनपिसांचा बाण उजवीकडे गेला तर कडक, डावीकडे गेला तर नरम. मूठ २५ मि.मी. रुंद असेल तर बाण मध्यापासून १२ मि.मी.हून जास्त बाहेर असतो आणि त्याला मुठीभोवती जास्त वळावं लागतं. म्हणून तेवढ्याच पाउंडाच्या रिकर्व्हपेक्षा नरम शाफ्ट घ्या. तो मुद्दाम लांब ठेवा आणि पुढून ५-५ मि.मी. कापत जा. कापल्याने बाण कडक होतो, पण कापलेला परत जोडता येत नाही, म्हणून सुरुवात नरम बाजूनेच. शेवटचा थोडा फरक टोकाच्या वजनाने मिटवा.

पिसं खरी लावा. प्लास्टिकची पिसं मुठीला आपटून बाण फेकतात. खरं पीस दबून पुढे जातं. पिसाच्या पुढच्या टोकाला गोंदाचा गुळगुळीत थेंब हवा. बाण हातावरूनच जातो, आणि उघडं टोक अंगठ्याची कातडी चिरतं.

प्रश्न : पावसाळ्यात रोज साइट खाली आणावी लागते. जुळणी बिघडते का?
— रत्नागिरी

उत्तर : बहुधा जुळणी नाही, दोरी. भिजलेली दोरी जड होते, बाणाचा वेग घटतो आणि बाण खाली लागतात. सरावाआधी मेण लावा आणि चामड्याच्या तुकड्याने घासून ते धाग्यांत मुरवा, पण मधल्या सर्व्हिंगला लावू नका, नॉक चिकटतो. पहिल्या फेरीआधी ब्रेस हाइट मोजा. ती कोरड्या दिवसाइतकीच असेल तर फक्त साइट हलवा आणि बाकीचं तसंच ठेवा. खरी पिसं भिजून आडवी पडतात, पावसात प्लास्टिकची लावा. प्लंजर सरावानंतर उघडून पुसा, आत पाणी राहिलं की स्प्रिंग गंजते आणि बटण अडकतं. बांबूचं किंवा लाकडी लिंबांचं धनुष्य घरी आल्यावर दोरी उतरवून, कोरडं पुसून आडवं ठेवा. भिंतीला टेकवून उभं ठेवलं की लिंब पिळतो. आणि ऊन पडलं म्हणून बंद गाडीत वाळत ठेवू नका. आतल्या उष्णतेने लिंबाचे थर सुटतात.